खान्देशातली देवळं, गढ्या, पोथ्या आणि पूर : आपल्या वारशाचा नकाशा आपण करायचा का?

गिरणाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितो.

३० ऑगस्ट २०२१ ची रात्र आणि ३१ ची पहाट चाळीसगाव तालुक्यातलं कोणी विसरणार नाही. वर डोंगरात पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या, कन्नड घाटात दरडी आल्या. आमचं गाव याच तालुक्यात, नदीच्या अगदी काठाला. जनावरं गेली, दुकानं गेली, शेतातली माती खरवडून गेली. त्या सगळ्याचे पंचनामे झाले, थोडीफार भरपाईही आली.

मला सांगायचंय ते मारुतीच्या देवळामागच्या वीरगळांबद्दल, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळांबद्दल. ओट्याला टेकवून तीन उभे होते. लहानपणी आम्ही त्यांच्या आडोशाला लपायचो. एकावर खालच्या चौकटीत गायींची रांग कोरलेली होती, वर घोडेस्वार, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा. पूर ओसरल्यावर दोन गाळात आडवे सापडले. गायींवाला गेला. पंचनाम्याच्या वेळी मी सांगितलं, तर विचारलं गेलं, "कोणाच्या मालकीचा? किंमत काय लावायची? फोटो आहे का?" तिन्हीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग गावभर हिंडून फोटो शोधला. एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव मारुतीला पाया पडतोय, त्याच्या खांद्यामागे अर्धा वीरगळ दिसतो. आठशे वर्षं नाहीतरी काही शतकं उभ्या असलेल्या दगडाचा एवढाच पुरावा उरलाय.

तर प्रश्न असा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या अशा जागांचा नकाशा आपण करू शकतो का? कुठे काय आहे, पाणी कुठवर येतं, कशाला आधी हलवायचं, हे एका ठिकाणी दिसेल असा. मी शेतकरी माणूस, मोबाइलवर लोकेशन पाठवण्यापलीकडे मला यातलं कळत नाही. जाणकारांनी वाट दाखवावी. पावसाळा महिन्यावर आलाय.

तापीपूर्णा
भाऊ, वाचून गलबलून आलं. लग्नाच्या अल्बमची गोष्ट आमच्याही गावाला लागू आहे.

मी मुक्ताईनगरकडची. चांगदेवाचं देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून. धरण १९८२ चं, ४१ दरवाज्यांचं. वरून मध्य प्रदेशातून आणि विदर्भातून पाणी येतं तेव्हा दरवाजे किती उघडले याची बातमी आम्ही रोज बघतो. नदीखालच्या गावांना भोंगा मिळतो, शेतकऱ्यांना मेसेज येतो. देवळांच्या पुजाऱ्यांना मात्र कोणी वेगळं कळवत नाही, कारण कुठल्या पातळीला कुठल्या देवळाच्या पायरीला पाणी लागतं हे कुठे लिहिलेलंच नाही. पुजाऱ्याला ते पाठ असतं. तो गेला की संपलं. त्यामुळे तुमच्या नकाशाला माझा पाठिंबा.

नकाशेवाला_धुळे
गिरणाकाठ, मी गेली चौदा वर्षं जीआयएसचंच, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. करता येईल, आणि पैशांशिवाय करता येईल.

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे घरबसल्या उतरवून घेता येतात. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रह चित्रं आहेत, शिवाय कार्टोसॅटवरून केलेलं जमिनीच्या उंचीचं मॉडेल आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांसंबंधीचे नियम बरेच सैल केले, त्यामुळे पूर्वीसारखी परवानग्यांची धास्ती नाही.

आता अडचणी. जमिनीच्या उंचीचं ते मॉडेल ३० मीटरच्या चौकटींचं आहे. म्हणजे तुमचं मारुतीचं देऊळ, ओटा, पिंपळ आणि समोरचा रस्ता हे सगळं एका चौकटीत, सगळ्यांची उंची एकच. त्या उंचीतही काही मीटरची चूक असते. पूर दीड मीटर चढला की देऊळ बुडतं, आणि आपलं मॉडेल तीन-चार मीटरने चुकतं. असल्या माहितीवर संगणकाने रंगवलेला निळा पट्टा दिसायला सुंदर, पण गावाला फसवणारा. खूप जण इथेच घसरतात.

दुसरी अडचण उपग्रहाची. सेंटिनेल-१ सारखा रडार उपग्रह ढगांतूनही पाणी टिपतो आणि त्याची चित्रं मोफत आहेत. पण तो एका जागेवरून काही दिवसांनी एकदा जातो. तापीचा पूर दोन-तीन दिवस टिकतो, तो कदाचित सापडेल. तितूरचं पाणी रात्री चढलं आणि उतरलंही. उपग्रह येईपर्यंत फक्त गाळ. म्हणून लहान नद्यांसाठी खरं मोजमाप जमिनीवरच करावं लागेल, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतून आणि भिंतींवरच्या डागांतून.

तरी नकाशा हवाच. कारण यादीत नुसतं "मारुती मंदिर" असतं. नकाशावर तेच देऊळ नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे हे दिसतं, आणि काठ तिथेच कापला जातो. वरच्या बाजूला पाझर तलाव आहे हे दिसतं. गावाकडे येणारा एकमेव रस्ता फरशी पुलावरून आहे हेही दिसतं.

वाळू_आणि_वास्तव
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नकाशाने पाणी थांबतं का? नदीपात्रात बांधकामं झाली, नाले बुजवले, वाळू उपसून काठ ढासळवले. ते बंद करा, देवळं आपोआप वाचतील. आपल्याकडे नकाशांचा तोटा कधीच नव्हता. पूररेषेचे नकाशे आहेत की. निळी रेषा, लाल रेषा. त्यांच्या आत घरं उभी राहिलीच ना?

नकाशेवाला_धुळे
वाळूभाऊ, तुमचा संताप मला पटतो, निष्कर्ष पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. लोकांना वाटतं शंभर वर्षांचा म्हणजे आपल्या हयातीत येत नाही. तसं नाही. दरवर्षी शंभरात एक अशी ती शक्यता आहे. तीस वर्षांचा हिशोब केला तर तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चारात एक निघते. देऊळ तर सातशे वर्षं उभं असतं, त्याने तो बऱ्याचदा पाहिलेला असणार.

आणि त्या पूररेषेच्या नकाशांवर घरं, रस्ते, शेतं असतात. वीरगळ, सतीशिळा, बारव, गढी, समाधी नसते. अमळनेरला सखाराम महाराजांची समाधी बोरी नदीच्या पात्रातच आहे, तिथेच वैशाखात यात्रा भरते. तिला रेषेबाहेर हलवा असं कोण म्हणेल? ती तिथेच राहणार. मग तिच्यासाठी पाणी यायच्या आधी काय करायचं आणि ओसरल्यावर काय करायचं एवढंच आपल्या हातात उरतं, आणि त्यासाठी ती आधी कागदावर यायला हवी.

जिभाऊ_शिरपूर
आमना थाळनेरना किल्ला तापीमाय दरसाल कोरी ऱ्हायनी, लिखी ठेवा भो.

मराठीत लिहितो आता. थाळनेर ही फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. गावाबाहेर त्यांची थडगी आहेत, त्यातलं एक अष्टकोनी, कोरीव कामाचं, बघत राहावं असं. किल्ला तापीच्या काठावर. नदीकडची बाजू बरीचशी ढासळलेली. माझे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी ज्या बुरुजावर ते चढायचे तो आता पाण्यात आहे.

आमच्या जुन्या घराच्या खोलीत भिंतीवर आजोबांनी विळ्याने ओरखडा काढून ठेवलाय. ऑगस्ट १९६८ चा पूर. वर चुना किती वेळा मारला, आजी प्रत्येक वेळी पुन्हा ओरखडा काढायची. नकाशेवाला म्हणतात तो डाग हाच असावा. असल्या खुणा गोळा करायच्या असतील तर मी तापीच्या आमच्या काठची पाच-सहा गावं फिरायला तयार आहे.

नकाशेवाला_धुळे
जिभाऊ, हेच हवंय! तो ओरखडा कोणत्याही उपग्रहापेक्षा मोलाचा. चुना मारू देऊ नका. आधी पट्टी लावून फोटो काढा.

पांझरेकर
धुळ्याबद्दल लिहायला हवं. पांझरेने हे शहर आधीही बुडवलंय. १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्ये १८७२ च्या पांझरा-गिरणेच्या पुराची नोंद आहे. त्याच शहरात आज इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच वारले, त्यांनी जमवलेले कागद इथे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या रामदासी मठांतून हस्तलिखितं आणली. मोठ्या संस्था आपलं बघतात. मला काळजी घरांतल्या कपाटांची आहे.

आमच्याच वाड्यातलं सांगते. माझ्या चुलत सासऱ्यांकडे लाल रुमालात बांधलेली अठरा बासनं होती. लाकडी फडताळाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, कारण वर गाद्या. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी परसातून आत आलं, गुडघाभरही नव्हतं. दोन दिवसांनी फडताळ उघडलं तर बासनं फुगून कप्प्यात घट्ट बसलेली. ओढली तर रुमालाचा लाल रंग पानांवर उतरलेला, शाईची निळसर काळी धार कडेने वाहिलेली. आम्ही अज्ञानाने ती गच्चीवर उन्हात पसरली. पानं वाळून पापडासारखी झाली, एकमेकांना चिकटली. अठरांपैकी सात वाचता येतात.

घरात वर जागा होती. फक्त गाद्या खाली आणि पोथ्या वर असं कोणी सांगितलं असतं तरी पुरे होतं. म्हणून नकाशावर वस्तू जमिनीपासून किती उंचीवर ठेवली आहे हेही हवं.

भुसावळकर_विनू
गाद्या खाली, पोथ्या वर. आज घरी जाऊन हेच करतोय. आजोबांच्या वह्या पलंगाखालच्या पेटीत आहेत.

पुण्यातून_खान्देशी
पांझरेकर ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी कागद-संवर्धनाचं शिक्षण घेतलंय, म्हणून थोडं. भिजलेल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. तेवढ्या वेळात सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये कोरा टीपकागद घालून सुकवता आलं तर उत्तम. ढीग मोठा असेल तर जमत नाही. तेव्हा जगभर एकच युक्ती वापरतात: गोठवायचं. गोठलं की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, मग सवडीने एकेक काढायचं. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी फ्लॉरेन्समध्ये शिरली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. कागद वाचवण्याचं आजचं बरंचसं शास्त्र त्या चिखलातून शिकलंय.

इटलीनेच पुढे कार्ता देल रिस्कियो म्हणून देशभराचा जोखीम-नकाशा केला. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. एक, त्या जागेला धोका किती: पूर, भूकंप, दरड. दुसरी, ती वास्तू स्वतः किती कमकुवत: भिंत फुगली आहे का, छपरात पाणी मुरतं का. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघतात. पुरापासून लांबची पण पडायला आलेली गढी आणि नदीकाठचं पण भक्कम दगडी देऊळ, यांना वेगवेगळी मदत लागते.

आपल्याकडेही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये सांस्कृतिक वारसा स्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. खालपर्यंत पोहोचायला हव्यात.

केळीवाला_रावेर
गोठवायचं म्हणालात तर आमच्याकडे या! रावेर, यावल, सावदा पट्ट्यात केळीची शीतगृहं चिक्कार आहेत. पोथ्यांसाठी एक खोली मी आजच कबूल करतो.

पुण्यातून_खान्देशी
दादा, तुमचं मन मोठं आहे, पण केळीची खोली १३-१४ अंशांवर असते ना? त्याखाली गेली की केळी काळी पडते. पोथ्यांना शून्याच्या खाली, उणे १८-२० लागतं. थंड पण न गोठवणाऱ्या ओलसर खोलीत बुरशी मरत नाही, जरा उशिरा येते इतकंच.

केळीवाला_रावेर
बरोबर बोललात, केळीचं गणित डोक्यातून गेलंच नाही. मग आइस्क्रीमवाले, मटार गोठवणारे, दूध डेअरीचे डीप फ्रीझर. प्रत्येक तालुक्याच्या गावात दोन-तीन तरी निघतील. त्यांचे मालक ओळखीचे असतात, मी फोन लावतो. नकाशावर तो एक वेगळा थर करा: उणे तापमानाची जागा, आणि पुरात तिथला रस्ता चालू राहतो का. शीतगृहापर्यंत न्यायला गाडी माझी.

निवृत्त_मास्तर
मला एका गोष्टीची धास्ती वाटते. तुम्ही नकाशा केलात, इंटरनेटवर टाकलात, तर चोरांना आयती यादी मिळेल. आमच्या भागात गुप्तधनाच्या नादाने समाधीखाली खणलेले खड्डे मी डोळ्यांनी पाहिलेत. एका ओसाड देवळातला नंदी रातोरात उचलून नेला. पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, मूर्तिचोर दर अमावस्येला.

तापीपूर्णा
मास्तर, नोंद नसल्यामुळेच तो नंदी परत मागता आला नाही ना? फोटो, मापं, अंगावरचे टवके यांची नोंद असती तर कुठेही सापडला तरी ओळख पटवता आली असती. गिरणाकाठच्या वीरगळाचंही तेच.

निवृत्त_मास्तर
नोंद हवी, हे मान्य. उघड्यावर नको.

नकाशेवाला_धुळे
मास्तर म्हणतात ते मी मनापासून मानतो. दोन थर ठेवू. उघड्या थरात सरकारी संरक्षित स्मारकं आणि सगळ्यांना माहीत असलेली देवळं. ती तशीही कोणालाही सापडतात. बंद थरात सुट्या मूर्ती, शिळा, घरातल्या पोथ्या. त्याची एक प्रत गावाकडे, एक आपत्ती व्यवस्थापनाच्या कचेरीत, आणि एक गावापासून लांब. ही तिसरी प्रत विसरू नका. सगळ्या नोंदी ज्या कपाटात त्याच कपाटात पाणी शिरलं तर?

सातपुड्याची_लेक
मी धडगावकडची, भिलाची. सगळं शांतपणे वाचलं. एक विचारते. तुमच्या यादीत देऊळ, गढी, पोथी, शिळा आहे. आमच्याकडे देवाला भिंत नसते. एखादं झाड, दोन दगड, लाकडाचा वाघदेव, नदीतला एक डोह. होळीला काठी गावाला हजारो लोक येतात, त्याची जागा ठरलेली, बांबू कुठून आणायचा तेही ठरलेलं. दरड कोसळली आणि ते झाड गेलं तर तुमच्या पंचनाम्यात "एक झाड" लिहिलं जाईल.

सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा नर्मदाकाठच्या आमच्या लोकांची देवांची ठिकाणं बुडाली. ती नैसर्गिक आपत्ती नव्हती, पण त्या वेळी कोणाकडे नकाशा असता तर निदान काय बुडालं ते नावानिशी सांगता आलं असतं. आज साठीच्या वरची माणसंच ती नावं सांगतात.

नकाशा करा. आमच्या जागांचा मात्र आम्ही सांगू तसा, आमच्या नावांनी. काही जागा दाखवायच्या नसतात, त्याही आम्हीच ठरवू.

गिरणाकाठ (धागाकर्ता)
ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं की मी स्वतः किती थोडं धरून चाललो होतो. तुमच्या भागाची यादी तुमची मंडळी करतील, काय दाखवायचं तुम्ही ठरवाल. हे माझ्याकडून पक्कं.

नकाशेवाला_धुळे
+१. आणि ताई, नावं रेकॉर्ड करून ठेवा, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून. लिपीत आणताना उच्चार बदलतात.

पाटणादेवीचा_भक्त
चाळीसगावचा विषय निघालाय आणि पाटण्याचं नाव अजून नाही? पाटणे गावाजवळच्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाडांना शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दान मिळालं, असा तो लेख, इ.स. १२०७ च्या सुमाराचा. त्याच पाटण्यात १९७०च्या दशकात शं. अ. साळींनी उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, हजारो वर्षांपूर्वीच्या अश्मयुगातल्या माणसाच्या हातचे. आणि हे सगळं २०२१ ला ज्या डोंगरातून पाणी आलं त्याच डोंगराच्या कुशीत.

पितळखोऱ्याची लेणीही त्याच डोंगररांगेत. तिथल्या एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव कोरलेलं आहे. लेण्यांचा दर्शनी भाग कधीच ढासळलाय. पावसाळ्यात समोरून धबधबे कोसळतात, खडकात पाणी मुरतं.

वाळू_आणि_वास्तव
पितळखोरं आपल्या जिल्ह्यात नाही. कन्नड तालुक्यात येतं.

पाटणादेवीचा_भक्त
पाण्याला जिल्हा माहीत आहे का भाऊ? घाटमाथा त्यांचा, पूर आमचा.

नकाशेवाला_धुळे
भक्तांनी एका ओळीत सगळं सांगितलं. नकाशा जिल्ह्याच्या हद्दीने करायचाच नाही, पाणलोटाने करायचा. वरच्या अंगाला पाऊस किती पडला की खाली किती तासांनी पाणी येतं, ही साखळी दिसली पाहिजे. डोंगरीच्या पाणलोटात वरच्या एखाद्या गावातल्या माणसाने खालच्या पुजाऱ्याला फोन केला तरी हलवाहलव करायला तासभर मिळतो. उंचीच्या मॉडेलचा खरा उपयोग इथे आहे: पाणी कुठून कुठे वाहतं हे ते चांगलं सांगतं, कुठवर चढतं हे नाही.

वाळू_आणि_वास्तव
हे पटलं. माझ्याकडून बोरी नदीकाठच्या चार गावांचं काम घ्या. आणि एक सांगतो, काठ कुठे ढासळतोय ते टिपताना उपसा कुठे चालतो तेही टिपा. दोन्ही एकाच जागी सापडेल.

पांढरीची_माती
गढ्या आणि पांढरी (जुन्या वस्तीची टेकाडं) विसरू नका, विनंती. बहाळ आणि टेकवाडे गिरणेच्या दोन काठांना समोरासमोर, ताम्रपाषाण काळातली वस्ती. प्रकाशे तापी-गोमाईच्या संगमावर, १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे खोदलं. तापीकाठच्या सावळदा गावाच्या नावाने तर एका संस्कृतीला नाव मिळालं. या सगळ्या जागा म्हणजे नदीकाठचे मातीचे ढिगारे. पुराच्या पाण्याने काठाची दरड सुटली की रंगीत खापरं नदीत जातात, कोणाला कळतही नाही. देऊळ पडलं तर आवाज होतो. पांढरीचा काठ सुटतो तो निमूट. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, त्याच जागी उभं राहून तोच फोटो काढला तरी काठ किती मागे सरला ते समजेल. अन् खापरं उचलून घरी नेऊ नका, जिथे आहेत तिथेच राहू द्या.

भुसावळकर_विनू
पुराबरोबर भूकंपाचा थर पण घाला. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. आपण बसलोय ती तापीची दरी भेगांवरच आहे.

केळीवाला_रावेर
आणि वीज. शिखरावर कळस चढवतात लाखाचा, वीजरोधक बसवत नाहीत.

गिरणाकाठ (धागाकर्ता)
मंडळी, धागा वर काढतो. तीन आठवड्यांत काय झालं ते सांगायचंय.

नकाशेवाला दादा धुळ्याहून दोन रविवार स्वखर्चाने आले. आम्ही सात जण आणि शाळेतली नववीची पाच मुलं. आमचं गाव आणि नदीकाठची शेजारची तीन गावं, एवढंच घेतलं. एकूण एकतीस जागा निघाल्या. मला वाटलं होतं दहा-बारा निघतील.

पूर कुठवर चढला ते मोजायला दादांनी आमच्या गावच्या गवंड्याला बोलावलं. त्याच्याकडे जोत्याची पातळी बघायची प्लास्टिकची पारदर्शक नळी असते, पाण्याने भरलेली. एक टोक पिठाच्या गिरणीच्या भिंतीवरच्या २०२१ च्या डागाला लावलं, दुसरं टोक मुलांनी ओढत मारुतीच्या देवळापर्यंत आणलं. मधे दोनदा टप्पे घ्यावे लागले. पाणी जिथे स्थिर झालं तिथे खडूने रेघ मारली. ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून चार फूट सात इंचांवर आली. गवंडी बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभा होता. म्हणाला, "माझ्या छातीला."

प्रत्येक जागेचा एक कागद केला. नाव, लोक काय म्हणतात ते नाव, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश देवळाबाहेर मोकळ्या आभाळाखाली उभं राहून घेतलेले (आत दगडाखाली फार चुकतात), पुराची रेघ, चार बाजूंचे फोटो पट्टी ठेवून, हलवता येण्यासारखं काय आहे आणि किती माणसांना उचलेल, किल्ली कोणाकडे, ती व्यक्ती नसेल तर कोणाकडे, आणि उंचावरची जागा कोणती. किल्लीच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. एकतीसपैकी नऊ ठिकाणी किल्ली असलेला माणूस आता गावात राहतच नाही.

बंद थराची प्रत एका अधिकाऱ्यांना दिली, पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीआधी. त्यांनी ती जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्याला जोडायचं तोंडी कबूल केलंय. लेखी आलं की इथे सांगतो. उरलेले दोन वीरगळ गावाने शाळेच्या वरच्या अंगाला, रेघेच्या वर, सिमेंट न लावता मुरमाच्या ओट्यात उभे केले. पूर्वीची जागा कागदावर नोंदली.

पांझरेकर
डोळ्यांत पाणी आलं. सिमेंट लावलं नाहीत हे फार चांगलं केलंत.

सातपुड्याची_लेक
आमच्याकडे चार पाड्यांवर सुरुवात झाली. माझी आजी सांगते, भाऊ लिहितो. तेवीस नावं झाली. सहा दाखवायची नाहीत असं ठरलं.

जिभाऊ_शिरपूर
माझ्या काठच्या पाच गावांत १९६८ च्या तीन खुणा सापडल्या. एक तर गोठ्याच्या खांबावर. गवंड्याची नळी घेऊन पुढच्या रविवारी निघतोय, कोणी यायचं असेल तर सकाळी सातला थाळनेरच्या बसथांब्यावर.

निवृत्त_मास्तर
गिरणाकाठ, तुमच्या तिसऱ्या वीरगळाबद्दल एक सुचवतो. पूर ओसरल्यावर जेसीबीने गाळ काढला असेल. तो ट्रॉल्यांनी कुठे नेऊन टाकला ते विचारलंत का? आमच्याकडे एक सतीशिळा तशीच शेताच्या बांधात सापडली होती.

नकाशेवाला_धुळे
मास्तर, हे माझ्या चौदा वर्षांत मला सुचलं नाही. गाळ टाकायची जागा हा नकाशाचा थर असायलाच हवा. पुढच्या पुराआधी प्रत्येक गावाने ठरवावं, गाळ कुठे टाकायचा आणि टाकण्याआधी कोण बघणार.

गिरणाकाठ (धागाकर्ता)
मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि रात्रीच ट्रॅक्टरवाल्याकडे गेलो. त्याला आठवतं. देवळाजवळच्या सोळा-सतरा ट्रॉल्या गावाच्या उत्तरेला एका शेताच्या खळग्यात रिकाम्या केल्या. खळगा भरून शेत सपाट झालं. आज सकाळी मालकांना भेटलो, पंच्याहत्तरीचे बाबा आहेत. वीरगळ त्यांना चांगला आठवतो, गायी सात होत्या म्हणाले. मी पाच समजत होतो. शेतात आता ठिबकवर कपाशी उभी आहे, हातभर झाली. "कपाशी उपटली की खण, मी पण येतो," म्हणाले. जागा नकाशावर घेतली आहे. बत्तिसावी नोंद.